शिक्षक घडवणाऱ्यांचे तास

महाराष्ट्रातल्या अनेक बी.एड. महाविद्यालयांत आज तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक शिकवतात. त्यांना मानधन मिळतं ते घेतलेल्या तासांपुरतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकांसाठी तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये मानधन ठरवलं. पात्रता मात्र नियमित सहायक प्राध्यापकाइतकीच हवी.

या नेमणुकांचा फायदाही आहे. शाळेत वर्षानुवर्षं गणित शिकवलेली व्यक्ती गणित अध्यापनाचा तास घेते, तेव्हा मुलं नेमकी कुठे अडतात हे ती अनुभवाने सांगते.

पण शिक्षक घडतो तो व्याख्यानाबाहेरही. सूक्ष्म अध्यापनात छात्राध्यापिका पाच-सहा मिनिटांचा पाठ घेते. तिने प्रश्न विचारला आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकलं, तर निरीक्षक ते टिपतो, नंतर तिच्याशी बोलतो आणि तोच पाठ पुन्हा घ्यायला लावतो. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळांमधल्या कामासाठी किमान २० आठवडे आले. तिथेही पाठाचं टाचण तपासणारं, मागच्या बाकावर बसून पाठ पाहणारं माणूस लागतं. फक्त घेतलेल्या तासांपुरतं मानधन मिळणाऱ्याने हे काम कसं करावं?

म्हणून नेमणूकपत्रातच पाठनिरीक्षण आणि मार्गदर्शनाचे तास लिहावेत, त्यांचं मानधन वेळेवर द्यावं आणि मंजूर पूर्णवेळ पदं भरावीत. उद्याच्या वर्गांसाठी एवढं करायलाच हवं.