छोट्या लेथसाठी कार्बाइड इन्सर्ट

छोट्या लेथवर कार्बाइड वापरायचं तर आधी होल्डर ठरवा, इन्सर्ट नंतर. होल्डर स्वस्तात पडला आणि त्यात बसणारा इन्सर्ट जवळच्या दुकानात मिळेना, तर ती बचत कसली?

सीएनएमजी प्रकारचा इन्सर्ट परवडतो असं वाटतं, कारण दोन्ही बाजू मिळून चार धारा मिळतात. पण त्याला जोर जास्त लागतो. एका अश्वशक्तीच्या लेथवर जॉब थरथरतो, पृष्ठभागावर चॅटरच्या खुणा उमटतात. तिथे दोनच धारांचा सीसीएमटी बरा. त्याच्या कडेला 7 अंशांचा उतार असतो, म्हणून तो हलका कापतो. डबीवर 060204 असं लिहिलेलं असेल, तर शेवटचे 04 म्हणजे टोकाची गोलाई, 0.4 मिलिमीटर. बारीक, लांब जॉबला 08 पेक्षा हीच सोयीची. काप मात्र अगदीच उथळ घेऊ नका. धार कापायचं सोडून नुसती घासत राहते.

ॲल्युमिनियमला चकचकीत, धारदार सीसीजीटी घ्या. माझ्या मते हलक्या लेथवर तो पोलादावर शेवटचा हात फिरवायलाही छान चालतो. चौकोनी सळई गोल करायची असेल, तर प्रत्येक फेऱ्यात धारेला ठोके बसतात. तिथे कार्बाइडचा हट्ट सोडा, एचएसएसच्या (हाय-स्पीड स्टीलच्या) टूलला ग्राइंडरवर धार लावा आणि कामाला लागा.