गाव सांगता न येणारा माणूस : सरहद्दीच्या खटल्यांतील मनोविकारतज्ज्ञाची साक्ष (अध्यक्षीय भाषण)

आपण कोण, कुठले, हेच ज्याला सांगता येत नाही त्याच्या खटल्यात मनोविकारतज्ज्ञाच्या साक्षीला खरे मोल येते. पालघर जिल्ह्याला हा प्रश्न दोन्ही अंगांनी भिडतो. डहाणू-तलासरीकडचे तरुण पावसाळी मासेमारीबंदी उठली की ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. सागरी हद्द ओलांडल्याच्या आरोपावरून बोट पकडली गेली, तर कराचीच्या मलीर तुरुंगात वर्षानुवर्षे अडकतात. इकडे बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत देशभरातले कामगार येतात. त्यांतल्या एखाद्या बंगालीभाषकाकडे कागद नसले, की तो भारतीय की बांगलादेशी हा प्रश्न पोलीस ठाण्यातच उभा राहतो.

1946च्या परकीय नागरिकांविषयीच्या कायद्याच्या कलम 9ने, आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या व्यक्तीवरच टाकला होता. 2025च्या नव्या कायद्यानेही तो तिथेच ठेवला. स्मृती शाबूत असलेल्यालाही हा भार जड. स्किझोफ्रेनियाच्या किंवा बुद्धिमांद्याच्या रुग्णाला तो पेलणारच नाही. निर्वासितांविषयीच्या 1951च्या करारात भारत सामील नाही, आश्रयासाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे असे वैद्यकीय मत बहुतेक वेळा नेहमीच्या न्यायालयांतच मांडावे लागते. मानसिक आजाराचा पुरावा प्रतिपक्षाने नाकारला, तर 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 105नुसार न्यायालयाने तो त्या कायद्याखालच्या मंडळाकडे तपासणीसाठी पाठवायचा असतो.

माणूस कोणत्या देशाचा, हे तज्ज्ञ सांगू शकत नाही, सांगूही नये. जबाबातल्या तारखा का जुळत नाहीत, हे मात्र त्याने समजावून द्यायलाच हवे. आघातानंतरची स्मृती तुटक असते, आणि जबाबातली विसंगती खोटेपणाइतकीच आजाराचीही खूण असू शकते. छळाच्या वैद्यकीय तपासणीसाठी संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या इस्तंबूल प्रोटोकॉलमध्ये म्हणूनच लक्षणे हकिकतीशी कितपत सुसंगत आहेत, याच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. निवाडा न्यायालयाचाच. नीरव मोदी प्रत्यार्पण प्रकरणात लंडनच्या उच्च न्यायालयाने दोन मनोविकारतज्ज्ञांची साक्ष ऐकली, नैराश्य आणि आत्महत्येचा धोका विचारात घेतला, आर्थर रोड तुरुंगातील देखभालीची भारताची हमीही तपासली आणि 9 नोव्हेंबर 2022 रोजी अपील फेटाळले.

तपासणी कोणत्या भाषेत झाली, हे अहवालात लिहिलेच पाहिजे. वारली किंवा मांगेली बोलणाऱ्याची उर्दूत, सिल्हेटी बोलणाऱ्याची मोडक्या हिंदीत घेतलेली मुलाखत विचारांतला गोंधळ दाखवते की भाषेतला, हे कुणालाच ठरवता येणार नाही. पोलिसांनी नेमलेला दुभाषी इथे चालत नाही.

भारत-पाकिस्तानमधील 21 मे 2008च्या करारानुसार शिक्षा पूर्ण झाल्यावर आणि राष्ट्रीयत्वाची खात्री पटल्यावर महिन्याच्या आत एकमेकांच्या कैद्यांची सुटका व्हायला हवी. मनोरुग्ण कैद्याची गाडी अडते ती खात्रीपाशीच, कारण दूतावासाच्या अधिकाऱ्याला तो गाव सांगू शकत नाही. 2018मध्ये दोन्ही देशांनी अशा कैद्यांना वैद्यकीय तज्ज्ञांनी भेटावे, हे तत्त्वतः मान्य केले, ते यासाठीच. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रात डॉ. भरत वाटवानी यांनी रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर केलेले काम इथे मार्गदर्शक ठरते. तिथे आधी औषधोपचार होतात. डोके शांत झाले की रुग्ण हळूहळू गावाचा, घरच्यांचा पत्ता सांगू लागतो. तुरुंगातही हाच क्रम हवा : उपचार आधी, जबाब नंतर, आणि अहवालात निदानाबरोबर रुग्णाने सांगितलेले बंदर, आठवड्याचा बाजार, देवाची जत्रा, बोलीतले शब्द यांची जशीच्या तशी नोंद. राष्ट्रीयत्वाच्या पडताळणीला धागा मिळतो तो त्या नोंदीतून.