ट्रायथलॉन पाहताना : कडेला उभ्या राहणाऱ्यांचे काम

(हीरक महोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २०१९ साली ‘आयर्नमॅन ७०.३’ ही ट्रायथलॉन प्रथम झाली. समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, मग ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावणे, असे तिन्ही टप्पे सलग पार करायचे. नावातील ७०.३ म्हणजे या अंतरांची मैलांतील बेरीज. स्पर्धकांच्या जिद्दीविषयी पुष्कळ बोलले जाते. ती पाहायला आलेल्या आईवडिलांविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही.

पाहणाऱ्याच्या वाट्याला मुख्यतः प्रतीक्षा येते. पाण्यात नुसत्या टोप्या दिसतात. त्यांतली आपल्या मुलीची कोणती, हे किनाऱ्यावरून कळत नाही. सायकल तर डोळ्यांसमोरून क्षणात निघून जाते. नाव घेऊन हाक मारावी, तोवर पाठ दिसते. माणूस नीट दिसतो तो धावण्याच्या टप्प्यात. तेव्हा पट्टीवर छापलेले नाव वाचून अनोळखी लोकही आपुलकीने हाक मारतात.

या तीन टप्प्यांच्या मध्ये दोन सांधे असतात. त्यांना ‘ट्रान्झिशन’ म्हणतात. पाण्यातून निथळत आलेला स्पर्धक येथे बूट चढवतो, हेल्मेटचा पट्टा लावतो आणि मगच सायकल काढतो. घड्याळ या वेळीही थांबत नाही. कठड्याबाहेर उभ्या असलेल्या वडिलांना दिसते, की ओल्या पायात बूट जात नाही, बोटे थरथरत आहेत. पण त्यांना आत जाता येत नाही. बाहेरची मदत नियमाने वर्ज्य आहे. सायकलवरून उतरून धावू लागल्यावर पाय शिशाचे झाल्यासारखे वाटतात. शरीर अजून पॅडलच्याच लयीत असते. पाहणाऱ्याला वाटते, संपले सारे. सराव केलेला धावपटू मात्र थोड्याच वेळात आपली लय पकडतो.

महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळेत मूल घालणाऱ्या पालकांना हा सांधा ओळखीचा वाटेल. मातृभाषेत शिकलेले मूल इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयात पहिल्या दिवशी बसते. समजलेले असते, पण शब्द सापडत नाहीत. शेजारचा मुलगा भराभर उत्तरे देत असतो. घरी परतलेल्या मुलाचा चेहरा पाहून आईवडील मनाशी म्हणतात, आपला निर्णय चुकला की काय? हा प्रश्न खरा आहे. त्याला हसून बाजूला सारणे योग्य नव्हे. परंतु सांध्यावर मंदावलेला स्पर्धक पोहायला विसरलेला नसतो. मातृभाषेत पक्की झालेली समज त्याच्याजवळच असते. नव्या लयीला थोडा अवधी लागतो, इतकेच. त्या दिवसांत घाईने काढलेला निष्कर्ष मुलाला जड पायांपेक्षाही जड होतो.

१९८२ च्या फेब्रुवारीत हवाई बेटांवरील आयर्नमॅन स्पर्धेत ज्युली मॉस ही विद्यार्थिनी आघाडीवर असताना अंतिम रेषेच्या अगदी जवळ कोसळली. दुसरी स्पर्धक पुढे निघून गेली. ज्युलीने रांगत रेषा गाठली. अवघ्या २९ सेकंदांनी तिचा पहिला क्रमांक हुकला. भोवती उभ्या असलेल्यांना ते पाहणे किती कठीण गेले असेल! तरीही ती शेवटची वाट तिची तिनेच पार केली.

मग कडेला उभ्या असलेल्याने करायचे तरी काय? तेथे असावे, दिसावे, नावाने हाक मारावी. आणि या कामी पालकांपेक्षाही उपयोगी पडतात ते हा सांधा स्वतः ओलांडून गेलेले माजी विद्यार्थी. ‘पहिले काही महिने आम्हालाही असेच झाले होते’ हे वाक्य आईने सांगणे वेगळे आणि याच बाकांवर बसून पुढे गेलेल्या ताईने सांगणे वेगळे. दहावीची तुकडी दरवर्षी शाळेच्या फाटकाबाहेर पडते. तिच्या अकरावीच्या पहिल्या महिन्यांत माजी विद्यार्थ्यांनी या मुलांना फोन करावा, भेटावे, ऐकून घ्यावे. हीरक महोत्सवाची शाळेला याहून मोलाची भेट क्वचितच असेल.

मिरामारच्या स्पर्धेत साडेआठ तासांची मुदत असते. मुदत संपत आली तरी काही मंडळी रेषेजवळ थांबतात, शेवटी येणाऱ्यांसाठी टाळ्या वाजवायला. शाळेच्या माणसांनी त्यांच्यात असावे.