प्राध्यापक विष्णु वासुदेव नारळीकर: बनारसचे गणित आणि नारळीकरांचे घर

१९३०च्या दशकात जगातील बहुतेक बुद्धिमान भौतिकशास्त्रज्ञ पुंज सिद्धांताकडे, म्हणजे अणू आणि त्याहून सूक्ष्म कणांच्या वर्तनाचे नियम शोधणाऱ्या नव्या शास्त्राकडे वळले होते. आइन्स्टाइन यांनी १९१५ साली मांडलेला व्यापक सापेक्षता सिद्धांत त्या काळात काहीसा एकाकी पडला होता. गुरुत्वाकर्षण हे दोन वस्तूंमधील ओढ नसून वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ यांच्या एकत्रित रचनेला येणारी वक्रता आहे, असे तो सिद्धांत सांगतो. त्याचे पुरावे मात्र तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढेच होते. बुधाच्या कक्षेची शतकात ४३ विकलांइतकी जादा सरक आणि १९१९च्या खग्रास ग्रहणात सूर्याजवळून येणाऱ्या ताऱ्यांच्या प्रकाशाचे दिसलेले वळण, एवढ्या पुंजीवर आयुष्यभराचे संशोधन उभे करण्यास फार थोडे लोक तयार होत. भारतात कोलकात्यात निखिलरंजन सेन यांच्याभोवती आणि बनारसला विष्णु वासुदेव नारळीकर यांच्याभोवती हा विषय जिवंत राहिला, आणि पुढे १९६०नंतर जगाला त्याची पुन्हा गरज भासली तेव्हा त्यात काम केलेली माणसे या देशात सापडली, याचे मोठे श्रेय या अध्यापकांच्या चिकाटीला दिले पाहिजे.

नारळीकरांचा जन्म १९०८ साली कोल्हापुरात झाला. मुंबईत विज्ञानाची पदवी घेऊन ते १९२८ साली केंब्रिजला गेले आणि तेथील गणिताच्या ‘ट्रायपॉस’ या नावाजलेल्या परीक्षेत रँग्लर झाले. रँग्लर ही या परीक्षेत प्रथम वर्ग मिळवणाऱ्याला लावली जाणारी उपाधी असून १८९९ साली र. पु. परांजपे यांनी त्या यादीत पहिले स्थान मिळवल्यापासून मराठी घरांत ती आदराने उच्चारली जात असे. १९१९च्या ग्रहणमोहिमेचे एक प्रमुख असलेले एडिंग्टन केंब्रिजमध्येच होते, आणि त्यांच्या सहवासात या तरुणाची सापेक्षतेच्या गणिताशी गाठ पडली. संशोधन चालू असतानाच बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभाग सांभाळण्यासाठी पंडित मदनमोहन मालवीय यांचे बोलावणे आले आणि १९३२ साली, अवघ्या चोविशीच्या आसपास, डॉक्टरेट पुरी होण्याची वाट न पाहता नारळीकर बनारसला रुजू झाले. केंब्रिजसारख्या ठिकाणी आणखी काही वर्षे राहून स्वतःचे नाव मोठे करण्याची संधी त्यांना होती. त्याऐवजी, ज्या विद्यापीठाला जेमतेम सोळा वर्षे झाली होती तेथे शिकवण्याचा मार्ग त्यांनी पत्करला, हा त्यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय म्हणावा लागेल.

बनारसला त्यांनी सुमारे अठ्ठावीस वर्षे अध्यापन केले. त्यांच्या हाताखाली निघालेल्या कामाचे मोल समजण्यासाठी एक उदाहरण थोडे सविस्तर पाहणे योग्य ठरेल. आइन्स्टाइन यांची समीकरणे सोडवणे अतिशय अवघड असते, कारण वक्रता वस्तुमानावर अवलंबून असते आणि वस्तुमानाची हालचाल पुन्हा वक्रतेवर. १९१६ साली कार्ल श्वार्झशिल्ड यांनी पहिली नेमकी उकल दिली, ती एकट्या गोलाकार ताऱ्याबाहेरच्या जागेची होती. नेमकी उकल म्हणजे अंदाजाचा किंवा सोयीस्कर वगळण्याचा आधार न घेता समीकरण पूर्णपणे सोडवणे. परंतु या उकलीत ताऱ्याबाहेरची जागा अगदी रिकामी मानलेली होती, आणि खरा तारा तर सतत प्रकाश बाहेर टाकत असतो. सूर्यच प्रकाशाच्या रूपाने दर सेकंदाला सुमारे ४० लाख टन वस्तुमान गमावतो. म्हणजे ताऱ्याबाहेरची जागा रिकामी नसते आणि त्याचे वस्तुमानही स्थिर राहत नाही.

हा प्रश्न हाती घेणारे प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे गुजरातमधून आलेले तरुण शिक्षक होते. साठवलेल्या पैशांवर, पत्नी आणि लहानग्या मुलीला घेऊन, १९४२ साली ते बनारसला नारळीकरांकडे शिकायला आले. ‘चले जाव’ आंदोलनाने शहर आणि विद्यापीठ ढवळून निघालेले असताना वैद्यांनी जेमतेम दहा महिने तेथे काढले, आणि १९४३ साली प्रकाश टाकणाऱ्या ताऱ्याच्या बाह्य गुरुत्वक्षेत्राची उकल ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. तिचा गाभा असा, की श्वार्झशिल्ड यांच्या सूत्रात जेथे वस्तुमानाचा स्थिर आकडा होता तेथे वैद्यांनी बदलते वस्तुमान ठेवले, आणि ते कोणत्या रीतीने बदलते हेही दाखवले. ताऱ्यापासून निघणारे प्रकाशाचे प्रत्येक गोलाकार कवच, ते निघाले त्या क्षणीचे ताऱ्याचे वस्तुमान जणू बरोबर घेऊन जाते, आणि दूरच्या निरीक्षकाला तो प्रकाश पोहोचेल तेव्हा तेवढ्याच वस्तुमानाचे गुरुत्व जाणवते. १९६३ साली क्वेसार, म्हणजे ताऱ्यासारखे दिसणारे पण अतिदूरचे आणि अतितेजस्वी स्रोत ओळखले गेले, त्यानंतर कोसळणाऱ्या ताऱ्यांच्या अभ्यासाला वेग आला, आणि वीस वर्षे फारसे कोणी न विचारलेली ही उकल ‘वैद्य मेट्रिक’ या नावाने जगभरच्या ग्रंथांत गेली. अवकाश-काळातील दोन जवळच्या घटनांमधले अंतर सांगणाऱ्या सूत्राला मेट्रिक म्हणतात. कृष्णविवरे किरणोत्सर्गाने झिजत जातात, हा १९७४ साली हॉकिंग यांनी मांडलेला विचार गणिताने तपासतानाही तिचा उपयोग झाला आहे.

के. आर. करमरकर यांचे काम याच परंपरेतले. आपला वक्र, चार मितींचा अवकाश-काळ एखाद्या अधिक मितींच्या सपाट अवकाशात बसवायचा असेल तर सर्वसाधारणपणे दहा मितींपर्यंत जावे लागते. पण केवळ एकच मिती वाढवून तो बसत असेल तर त्याच्या वक्रतेने कोणती अट पाळली पाहिजे, हे करमरकरांनी १९४८ साली गोल सममितीच्या क्षेत्रांसाठी दाखवले. १९४९ साली नारळीकर आणि करमरकर यांनी मिळून गुरुत्वक्षेत्राच्या वक्रतेच्या अचल राशींवर, म्हणजे मोजमापाची चौकट बदलली तरी ज्यांचे मूल्य बदलत नाही अशा राशींवर, निबंध लिहिला. अतिघन ताऱ्यांच्या रचनेवर आज प्रसिद्ध होणाऱ्या असंख्य निबंधांत ‘करमरकर अट’ हे शब्द सापडतात.

विद्यापीठाच्या आवारातील नारळीकरांचे घरही या कामापासून वेगळे काढता येत नाही. पत्नी सुमतीबाई संस्कृतच्या व्यासंगी होत्या. त्या हुजूरबाजार घराण्यातल्या. त्यांचे एक बंधू वसंत शंकर हुजूरबाजार संख्याशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध झाले आणि दुसरे बंधू मोरेश्वर शिक्षणासाठी काही काळ बहिणीकडेच राहिले. मुलांना हवे ते खरडता यावे म्हणून वडिलांनी घरात फळे करून घेतले होते, आणि त्यांपैकी एकावर हे मोरूमामा भाच्यासाठी आव्हान म्हणून एखादे अवघड गणित लिहून ठेवत. ते सुटेपर्यंत पुसले जात नसे. थोरला मुलगा जयंत हिंदी माध्यमाच्या शाळेत शिकला, घरात मराठी बोलला आणि १९५७ साली केंब्रिजला जाऊन वडिलांप्रमाणेच रँग्लर झाला. धाकटे अनंत पदार्थविज्ञानाकडे वळले आणि अतिसंवाहकतेचे अभ्यासक म्हणून नावाजले गेले. पुढे घरात सून म्हणून आलेल्या मंगला नारळीकर याही गणितज्ञ होत्या. मुलांवर विषय लादण्यापेक्षा पुस्तके, फळा आणि बोलणारी माणसे त्यांच्या आसपास ठेवण्याचा हा गृहस्थधर्म त्यांच्या अध्यापनाहून निराळा नव्हता, असे निःसंकोच म्हणता येते.

१९६० साली ते बनारस सोडून राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष म्हणून अजमेरला गेले. या प्रशासकीय कालखंडाविषयी गणिताच्या इतिहासाला विशेष नोंदण्यासारखे नाही. त्यानंतर पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळकांच्या नावाच्या उपयोजित गणिताच्या अध्यासनावर त्यांची नेमणूक झाली, आणि स्वतः गणिताचे पदवीधर असलेल्या टिळकांच्या नावाला हे पद शोभून दिसले. १९६९ साली, त्यांच्या साठीच्या निमित्ताने अहमदाबादला जमलेल्या अभ्यासकांनी सापेक्षता आणि गुरुत्वाकर्षण या विषयांची अखिल भारतीय संघटना स्थापन केली आणि पहिले अध्यक्षपद नारळीकरांकडेच दिले. या घडामोडीत वैद्य पुढे होते.

१९९१ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. त्याआधी तीन वर्षे, १९८८ साली, पुणे विद्यापीठाच्याच आवारात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठीय संस्था स्थापन झाली होती आणि जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक होते. देशभरच्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत शिकवणाऱ्या अध्यापकांनी आपली नोकरी न सोडता तेथे काही आठवडे, काही महिने येऊन संशोधन करावे आणि परत आपल्या वर्गात जावे, ही त्या संस्थेची रचना आहे.