शिकलेलें लेकरूं परत आलें पाहिजे
(शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



विद्यापीठ म्हटलें कीं आपलीं माणसें बिचकतात. पण विद्यापीठ ही कोणाची वतनदारी नव्हे. तें तुमच्याआमच्या करांच्या पैशावर चालतें. म्हणून तेथें शिकलेल्यावर तुमचें ऋण आहे.

हें ऋण फेडणारे पुरुष वऱ्हाडांत होऊन गेले. बुलढाणा जिल्ह्यांतील नरवेल खेड्यांत १९०८ सालीं जन्मलेले विष्णु भिकाजी कोलते नागपूर विद्यापीठांत शिकले, त्याच विद्यापीठाच्या महाविद्यालयांत त्यांनीं मराठी शिकविली, आणि पुढें तेथेंच ते कुलगुरु झाले. पण त्यांची थोरवी पदांत नाहीं. चक्रधरस्वामींची शिकवण बायाबापड्यांच्या मराठींत होती. पंथाच्या पोथ्या मात्र सांकेतिक लिपींत बंद राहिल्या. कोलत्यांनीं जन्मभर त्या अभ्यासून, संपादून लोकांपुढें ठेविल्या.

आतां आपल्या घरचें पाहूं. चांदा-गडचिरोलीचीं महाविद्यालयें २०११ पर्यंत नागपूरला जोडलेलीं होतीं. त्या सालीं गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ झालें. वाट जवळ आली. पण विद्यार्थी माडिया बोलणारा आणि प्राध्यापकाला त्यांतलें अक्षर कळत नाहीं, तर उपयोग काय? मोह केव्हां वेंचावा, बांबू केव्हां तोडावा, हें ज्ञान तुमच्यापाशीं आहे. तें वर्गांत नेईल तुमचेंच परत आलेलें लेकरूं.

मात्र परत आलेल्यास तासांच्या मजुरीवर राबवूं नका, असें सरकारास बजावा. आणि शहरांत रमलेल्यास विचारा, “बाबा, ऋण फेडायला केव्हां येतोस?”