पिल्लं बाहेर पडतात तेव्हा

आज बोलायचंय ते परसात टांगलेल्या लाकडी पेटीतून पाखरांची पिल्लं बाहेर पडतात त्याबद्दल. पण अलिबागच्या बाजूला राहून घरट्यांविषयी बोलायचं आणि किहीमचं नाव घ्यायचं नाही, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. माझ्या वाट्याची अर्धी मिनिटं किहीमच खाणार, हे आधीच सांगून टाकतो.

1930 च्या सुमाराची गोष्ट. आपला रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता. डॉ. सालिम अली, तेव्हा अजून ‘डॉक्टर’ नव्हते, बर्लिनला श्ट्रेसमान यांच्याकडे पक्षिशास्त्र शिकून परत आले, तर मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधली त्यांची जागाच पैशाअभावी रद्द झालेली. हातात काम नाही. मग नवराबायको किहीमला समुद्रकाठच्या घरी राहायला आले. घराजवळ सुगरणींची वसाहत, पावसाळ्याचे दिवस आणि माणूस रिकामा! नोकरी टिकली असती तर पक्षिशास्त्राचं थोडं नुकसानच झालं असतं, असं मला अजूनही वाटतं.

तर हे गृहस्थ त्या पावसाळ्यात दिवसचे दिवस घरट्यांसमोर बसून राहिले. त्यांनी काय पाहिलं ते जरा सावकाश सांगतो. घरटं विणतो नर. डोकं आणि छाती पिवळीधमक झालेला. गवताच्या नाहीतर भाताच्या पात्याला तो कडेला चोचीनं खाच पाडतो, टोक धरतो आणि सरळ उडतो. पातं टर्रकन उभं फाटून लांब दोरा त्याच्या चोचीत येतो. माडाच्या झावळीचेही असेच दोरे काढतो. आधी फांदीला गाठी, मग एक कडं, मग कड्यावर टोपीसारखं छत. आतून ओल्या मातीचे लपकेसुद्धा लावतो. इथवर काम आलं की हातचं सोडून पंख फडफडवत ओरडत सुटतो, कारण माद्या घर बघायला आलेल्या असतात.

मादी आत शिरते, दोरे ओढून बघते, बाहेर येते. पसंत पडलं तर तिथंच राहते. मग नर अंड्यांची खोली पुरी करतो, खाली लांब नळी विणतो. ती अंड्यांवर बसली की हा महाशय पलीकडच्या फांदीवर दुसरं घरटं सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. तेही खपलं तर तिसरं. आणि कुणालाच पसंत पडलं नाही तर ते अर्धवट टोपडं तसंच लोंबकळत राहतं. आपण विहिरीवरच्या झाडाला पाहतो ना, नळी नसलेली घरटी? त्यातली बरीचशी ही नाकारलेली स्थळं.

हे सगळं 1931 च्या आसपास मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आलं आणि सालिम अलींचं नाव झालं. ज्यांनी रेडिओ आत्ता लावला त्यांच्यासाठी पुन्हा सांगतो: सुगरणीचं घर अर्धं झाल्यावर मादी ते पारखते, आणि नर एकामागून एक संसार मांडतो, हे किहीममध्ये बसून उलगडलं. किहीममध्ये, परदेशात नव्हे.

सुगरणीची पिल्लं बाहेर पडताना मात्र फारसं दिसत नाही. नळीचं तोंड खाली. उंबरठा नाहीच, एकदम हवेत उडी. म्हणून बघणाऱ्यानं पेटीकडे वळावं.

पेटीचं मोजमाप चटकन उरकतो. साधं जुनं लाकूड, रंग नको, तळाला पाणी निथळायला भोकं. चिमणीसाठी दार सव्वा इंचाचं, दयाळासाठी दोन इंचांचं. दाराखाली बसायला दांडी लावू नका. पाखराला ती लागत नाही, कावळ्याला मात्र सोयीची पडते. दुपारचं ऊन थेट नको. झालं.

आमच्याकडे पेटी घेतो तो दयाळ. काळा-पांढरा, शेपूट उभारून पहाटे गाणारा. याची रीत सुगरणीच्या उलट: घर मादी रचते, अंडी तीच उबवते, पण पिल्लं निघाल्यावर नरही राबतो. टोळ, अळ्या, गांडुळं, येरझारा चालूच. पिल्लाला भरवलं की आई-बाप क्षणभर थांबतात. पिल्लू मागे वळतं आणि पांढरी, पातळ सालीतली विष्ठेची गोळी बाहेर येते. ती चोचीत धरून दूर नेऊन टाकतात. पेटीच्या आसपास घाण नाही, वास नाही. ही गोळी पहिल्यांदा पाहिली आणि मी या नादाला लागलो. बायको म्हणते, शी! मी म्हणतो, बघ तरी.

साधारण दोन आठवड्यांनी गडबड सुरू होते. आई-बाप किडा घेऊन येतात, पण आत जात नाहीत. समोरच्या जास्वंदीवर बसून हाका मारतात. दारात पिल्लाचं डोकं येतं, छाती ठिपक्याठिपक्यांची, शेपूट आखूड. पुढे येतं, मागे जातं. मग उडतं कसलं, घसरतच खाली जातं आणि अळवात पडतं. इथं आपली माणसं धावतात. कृपा करून धावू नका. ते पडलेलं नाही, निघालेलं आहे. मांजर किंवा भारद्वाज टपलेला असेल तर उचलून जवळच्या फांदीवर ठेवा आणि बाजूला व्हा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हे खरं नाही.

वेळ संपत आलाय, समोरून खुणा चालल्यात, पण एवढं बोलतोच. पेटी ही दुय्यम गोष्ट. दयाळाचं, पोपटाचं, पिंगळ्याचं खरं घर म्हणजे वाडीतला शेंडा गेलेला माड, सुतारानं कोरलेली किंवा कुजून पडलेली ढोली. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानं अलिबाग-मुरूडपासून श्रीवर्धनपर्यंत वाड्या झोपवल्या. त्यात जे बुंधे उभे राहिले तेही नंतर साफसफाईत गेले. मांडव्याच्या बाजूला तर वाड्यांचे बंगले होताहेत; तिथं हिरवळ येते, ढोली येत नाही. मला हे बरं वाटत नाही.

तेव्हा वाडीवाल्यांना विनंती. मेलेला माड घरावर पडण्यासारखा नसेल तर तोडायची घाई करू नका. आणि पेटी लावायची असेल तर जानेवारीतच लावा, कारण मार्च लागला की दयाळ जागा शोधायला निघतो.