बहुमत चुकलं तर?



अध्यक्षाने वर्षभराचा आढावा घ्यावा, चार उपदेश करावेत आणि जेवणाची वेळ टाळून बसावं, अशी आपल्याकडची रीत. जेवणाची वेळ मी पाळणार आहे. आढावा मात्र घेत नाही. बोलायचं आहे ते एकाच रिलीजबद्दल, इथेरियम या ब्लॉकचेन नेटवर्कच्या ‘पेक्ट्रा’ अपग्रेडबद्दल.

आपण बहुतेकांनी रिलीज केले आहेत ते स्वतःच्या किंवा ग्राहकाच्या सर्व्हरवर. रात्री डाउनटाइम घ्यायचा, नवी आवृत्ती चढवायची, बिघडलंच तर रोलबॅक. इथेरियमवर यातलं काहीच हाताशी नसतं. १५ सप्टेंबर २०२२ला या नेटवर्कने मायनिंग सोडलं. तेव्हापासून किमान ३२ ईथर तारण ठेवणारे व्हॅलिडेटर मतं देतात आणि दोन-तृतीयांश मतं जुळली की ब्लॉक पक्के होतात. नोड जगभर पसरलेले, प्रत्येकाचा मालक निराळा, सॉफ्टवेअर, म्हणजे ‘क्लायंट’, तोही निराळा: गेथ, नेदरमाइंड, बेसू, एरिगॉन, रेथ. नवे नियम ठरलेल्या क्षणी सगळीकडे एकदम लागू होतात. त्या क्षणी सगळ्यांना ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कोणाकडेच नसतो.

म्हणून तालीम टेस्टनेटवर, म्हणजे खरे पैसे नसलेल्या चाचणीच्या नेटवर्कवर. २४ फेब्रुवारी २०२५ला पेक्ट्रा होलेस्की टेस्टनेटवर लागू झालं आणि नेटवर्क फुटलं. कारण काय, तर एक पत्ता. नव्या नियमांप्रमाणे तारणाच्या नोंदी थेट डिपॉझिट कॉन्ट्रॅक्टमधून वाचायच्या होत्या. होलेस्कीवर त्या कॉन्ट्रॅक्टचा पत्ता म्हणजे ४२४२४२ अशी नुसती रांग, लहान मुलालाही पाठ होईल इतकी सोपी. गेथ, नेदरमाइंड आणि बेसू या तिघांच्या होलेस्की सेटिंगमध्ये तो नीट भरलेलाच नव्हता. एक चुकीचा ब्लॉक आला, या तिघांनी तो खरा मानला. एरिगॉन आणि रेथने नाकारला. बरोबर असलेले अल्पमतात गेले.

पुढचा भाग आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावा असा आहे. दुरुस्त आवृत्त्या लवकरच आल्या, पण तोवर चुकीच्या शाखेला दोन-तृतीयांशांहून जास्त मतं पडून पहिल्या टप्प्याची मान्यताही मिळाली होती. दिलेल्या मताला वळसा घालणारं दुसरं मत दिलं, तर व्हॅलिडेटरचं तारण कापलं जातं. लबाडांना धाक बसावा म्हणून केलेला हा नियम इथे प्रामाणिक माणसांच्या पायात आला. चूक कळली होती, बरोबर शाखा समोर दिसत होती आणि तिकडे जायची सोय नव्हती. होलेस्कीवर ब्लॉक पुन्हा पक्के व्हायला १० मार्च उजाडला. हेच मुख्य नेटवर्कवर झालं असतं, तर कापलं गेलेलं तारण खऱ्या पैशांचं असतं.

५ मार्चला सेपोलिया या दुसऱ्या टेस्टनेटवर वेगळी अडचण आली, पण ती त्याच दिवशी सुटली. होलेस्कीवर मात्र बाहेर पडू पाहणाऱ्या व्हॅलिडेटरांची रांग इतकी लांबली, की बाहेर पडण्याची तालीम तिथे घेणंच अशक्य झालं. मग हूडी नावाचं नवं टेस्टनेट उभं केलं, २६ मार्चला पेक्ट्रा तिथे चालवलं, आणि ते सुरळीत चाललेलं पाहून मगच मुख्य नेटवर्कची तारीख ठरली: ७ मे २०२५. त्या दिवशी ते निर्विघ्न पार पडलं. तारीख सर्वांत शेवटी ठरवणं हे मला या नियोजनातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं. आपल्याकडे आधी तारीख विकली जाते, मग काम मोजलं जातं.



माझं म्हणणं एवढंच, की अशा नेटवर्कच्या रिलीजचा आराखडा करताना ‘एखादा क्लायंट चुकला तर’ एवढा विचार पुरत नाही. ‘बहुसंख्य चुकले तर’ याचं उत्तर आधी लिहून ठेवावं लागतं: मतदान कोणी थांबवायचं, कोणत्या शाखेला धरायचं, निरोप कुठून जाणार. आणि सेटिंगची फाइल कोडइतक्याच कडकपणे तपासावी लागते. ती कोणीतरी पाहिली असेल, असं आपण सगळेच गृहीत धरतो.

या सभागृहात स्वतःचा व्हॅलिडेटर चालवणारे काही जण नक्की असतील. त्यांना माझी विनंती आहे: पुढच्या अपग्रेडच्या आधी आपल्या मशीनवर कोणता क्लायंट आहे ते पाहा, आणि तो बहुसंख्यांचा असेल, तर बदला.